सहलीपुरती शिक्षिका

छावणी, औरंगाबाद
९ नोव्हेंबर १९८६

आदरणीय आप्पासाहेब भाऊ यांस,
अजराचा सलाम.

तुमचं पत्र सुट्टीत शाळेच्या पत्त्यावर येऊन पडलं होतं, काल हातात आलं. यापुढं घरच्या पत्त्यावर लिहा. शाळेत माझी पत्रं माझ्याआधी ऑफिस वाचतं.

ग्रंथपालाचा कोर्स आपण एकत्र केला तेव्हा तुम्ही वर्गात उभं राहून विचारलं होतं, "शाळेत आम्ही बसायचं कुठं, शिक्षकांत का कारकुनांत?" सगळे हसले, मीही हसले. अकरा वर्षांच्या नोकरीनंतर आता हसू येत नाही.

सुट्टी संपून शाळा उघडली तर ऑफिसाबाहेर नवा फलक. वर हेडमास्तर तात्यासाहेब, खाली सगळे शिक्षक, मग एक लाल रेघ आणि रेघेखाली शिक्षकेतर. माझं नाव रेघेखाली. त्याचं मला वाईट वाटलं नाही, सरकारच आपल्याला तिथं ठेवतं. पण नावापुढं हुद्दा 'लायब्ररी क्लार्क'. माझ्या नेमणुकीच्या ऑर्डरवर स्वच्छ 'ग्रंथपाल' आहे. तात्यासाहेबांना जाऊन विचारलं. म्हणाले, "पेंटरला जागा पुरली नसेल." मी म्हटलं, "सर, ग्रंथपाल लिहायला कमी जागा लागते." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "बाई, तुम्हाला रिकामा वेळ बराच दिसतोय." दुसऱ्या दिवसापासून चाचणीचे पेपर सायक्लोस्टाईल करायचं काम माझ्याकडं आलं. आता लायब्ररी दुपारनंतर उघडते. तोवर पोरं दाराशी येऊन परत जातात, आणि माझी बोटं शाईनं काळी असतात म्हणून पुस्तकाला हात लावायची चोरी.

पोरं मला मॅडम म्हणतात, शिक्षक 'लायब्ररीवाल्या' म्हणतात. अम्मी गल्लीत सांगत फिरते, "मेरी बेटी टीचर है." मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

तुम्ही ग्रंथपालांच्या संघटनेचे सेक्रेटरी. काय करू ते सांगा.

तुमची बहीण,
अजरा

•

गंगापूर
१७ नोव्हेंबर १९८६

चि. अजराताई हिस,
आप्पासाहेबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. फलकाविरुद्ध संघटनेच्या नावानं अर्ज करतो, पण खरं सांगू, अर्जानं काय होत नाय. माझंच बघा. मी अर्धवेळ ग्रंथपाल. सकाळी शाळा, दुपारून उसात. सरकारच्या कागदावर मी अर्धा माणूस हाये. गावात लोक 'सर' म्हणून हाक मारत्यात आणि शाळेत 'अहो' म्हणून. परवा शिपाई आला नव्हता तर घंटा मी वाजवली. पोरं बघत होती. माझाच पुतण्या त्यांच्यात.

आपल्याला शिक्षकांत धरावं म्हणून संघटना भांडतेय. शिक्षणाधिकारी एकच विचारत्यात, "ग्रंथपाल शिकवतो याचा पुरावा काय?" तर ताई, पुरावा आपणच उभा करायचा. शिक्षक रजेवर असला की वर्ग मागून घ्या. परीक्षा, संमेलन, सहल, शिक्षकाचं जे काम पुढं येईल त्याला नाय म्हणू नका. मात्र तोंडी नको, लेखी घ्या. एका ग्रंथपालाचा जरी 'शिक्षक' म्हणून लेखी कागद मिळाला ना, तर तो मी साऱ्या जिल्ह्यासाठी वापरीन.

जैतुनबी अम्मींना सलाम सांगा. त्या म्हणतात ते चूक नाय. जरा लवकर म्हणतात एवढंच.

तुमचा,
आप्पासाहेब

•

छावणी
१८ जानेवारी १९८७

आदरणीय भाऊ,

तिळगूळ घ्या, गोड बोला. तुम्ही सांगितलंत तसं दोन महिने केलं. मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तर त्यांचा आठवीचा वर्ग मी मागून घेतला. तात्यासाहेब म्हणाले, "घ्या, पण पेपर सायक्लोस्टाईल चुकायचे नाहीत." पाठ झाल्यावर उरलेल्या वेळात मी पोरींना गोष्टी वाचून दाखवते. कौसल्या म्हणून एक आहे, सगळ्या तिला कौसा म्हणतात. तिची आई सरूबाई लष्करी साहेबांच्या बंगल्यांत धुणीभांडी करते. कौसा पहिल्या बाकावर बसते आणि गोष्टीचा शेवट मी वाचायच्या आधी ओरडून सांगते. तो कायम चुकीचा असतो. तिला त्याचं काही वाटत नाही.

आता खरी बातमी. आठवीची सहल पुढच्या आठवड्यात कायगाव टोक्याला चालली आहे, तुमच्याच तालुक्यात, गोदावरीच्या घाटावर. मुली आहेत म्हणजे सोबत बाईमाणूस शिक्षक हवं असा नियम. शाळेतल्या तिन्ही बाईंनी नाही म्हटलं. मग तात्यासाहेबांनी मला बोलावलं. स्वतःहून खुर्ची दाखवली! म्हणाले, "तुम्ही जा. परवानगीच्या कागदावर तुमचं नाव सहशिक्षिका म्हणून घालतो. सहलीपुरतं बरं का, नाहीतर फलक बदला म्हणाल." आणि हसले. दुसरे शिक्षक काकासाहेब सर आहेत, संस्थेच्या अध्यक्षांचे पुतणे.

भाऊ, तो कागद मी पाहिला. 'सौ. अजरा, सहशिक्षिका.' सौ. चुकून लागलंय, असू दे. घरी येऊन अम्मीला सांगितलं तर ती म्हणते, "इसमें नया क्या है?"

तुमची,
अजरा

•

गंगापूर
२२ जानेवारी १९८७

अजराताई,

शाब्बास! त्या कागदाची नक्कल हाताशी ठेवा आणि सहलीहून आल्यावर लगेच मला पाठवा. ही पहिली फट पडली बघा. मी टोक्याला भेटायला आलो असतो, पण उसाची तोड चालू हाये, मजूर सोडून हलता येत नाय.

आप्पासाहेब

•

छावणी
९ फेब्रुवारी १९८७

भाऊ,

तुम्हाला पेपरातून कळलंच असेल. तुमच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, लिहायला बसले की हात थांबायचा. आज लिहून टाकते.

जेवणं घाटाच्या वरच्या अंगाला झाडाखाली झाली. काकासाहेब सर पोरांना क्रिकेटला लावून ड्रायव्हरबरोबर हमरस्त्यावरच्या हॉटेलात चहाला गेले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही आहात ना." मला बरं वाटलं, भाऊ. मॅडम म्हणाले म्हणून बरं वाटलं.

मी पोरींना घेऊन बसले. पुस्तक नेलं होतं, ते वाचायला लागले. उष्ट्या ताटल्या बाजूला पडल्या होत्या. कौसानं विचारलं, "मॅडम, समद्यांच्या ताटल्या मी धुऊन आणू का?" मी पुस्तकातून मान वर केली आणि म्हटलं, "जा, पण खालच्या पायरीवर उतरू नको." ती बरोबर एक पोरगी घेऊन गेली. मी पुढं वाचत राहिले.

ती पोरगीच ओरडत आली. शेवाळावरून पाय गेला होता. मी धावले आणि पाण्यात उतरले. मला पोहता येत नाही. छातीपर्यंत गेले. तिच्या वेणीची रिबीन हाताला लागली, ती सुटून आली. पलीकडून भोई होडी घेऊन आले, त्यांनी काढलं. मी तिला मांडीवर घेऊन बसले. काकासाहेब सर आले तेव्हा त्यांच्या तोंडात पान होतं.

सरूबाई औरंगाबादच्या घाटी दवाखान्यात आल्या. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बंगल्यावरून तशाच आल्या होत्या, कोपरापर्यंत साबण वाळलेला.

मी जेवते, झोपते. अम्मी म्हणते, लिही कुणाला तरी.

अजरा

•

गंगापूर
१४ फेब्रुवारी १९८७

चि. अजराताई,

काय लिहू. बातमी कळल्या दिवशी मी टोक्याला जाऊन आलो. भोयांना भेटलो. ते म्हणाले, "त्या बाईला आम्ही वढून काढलं, नायतर ती बी गेली असती." हे मी कुठंही सांगायला तयार हाये.

ताई, मन घट्ट करा. आता शाळा आपली कातडी वाचवणार. कुणी विचारलं तर जास्त बोलू नका. तुम्ही पोरीला जा म्हणालात हे तर कुणापाशीच नको. ज्यानं चहाला जायचं तो गेला, त्याचं त्याला निस्तरू द्या. चौकशी लागली तर समिती तिघांची असते. एक संस्थेचा माणूस, एक पुरस्कार मिळालेला शिक्षक आणि एक तुमच्या पसंतीचा. तुम्ही माझं नाव द्या. मी आत असलो तर तुमच्यावर अन्याय होऊ देणार नाय.

आप्पासाहेब

•

छावणी
२० मार्च १९८७

आदरणीय भाऊ,

मला निलंबित केलं. तुमचं नाव मी दिलं आहे, तुम्हाला नोटीस आली असेल.

आरोपपत्र वाचताना मला हसूच आलं, अम्मी घाबरून बाहेर आली. पहिलंच वाक्य असं: 'श्रीमती अजरा ह्या शिक्षिका या नात्याने विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेस जबाबदार होत्या.' पुढं दर परिच्छेदात शिक्षिका, शिक्षिका. अकरा वर्षं ज्यांना हा शब्द माझ्यासाठी सापडला नाही त्यांना तो आता एका पानावर किती वेळा सापडला. कारण सरळ आहे. मी क्लार्क असले तर घाटावर एकच शिक्षक होता आणि तो चहा पीत होता. मी शिक्षिका असले की काकासाहेब सुटतात. ते मुलांकडं होते, मुली माझ्याकडं.

यातलं अर्धं खरंही आहे, भाऊ. मुली माझ्याकडंच होत्या. ते मी नाकारणार नाही. पण मी शिक्षिका होते असं मी म्हणणार नाही. सहलीपुरतं मला ते नाव दिलं होतं, नियमाची भोकं बुजवायला. मी ग्रंथपाल आहे. मला मुलं सांभाळायचं कुणी शिकवलं नाही, आणि ज्याला शिकवलं होतं तो उठून गेला. हे दोन्ही अहवालात यायला हवं.

आणि एक. तात्यासाहेबांनी जबाबात लिहिलंय की मुलगी कुणाला न विचारता, बेशिस्तीनं पाण्याकडं पळाली. हे खोटं आहे. तिनं मला विचारलं होतं. तुम्ही कुणापाशी बोलू नका म्हणालात, तरी मी समितीपुढं सांगणार. तुम्ही एवढंच बघा की ते लिहून घेतलं जाईल. दुसरं काही तुमच्याकडं मागत नाही.

तुमची बहीण,
अजरा

•

गंगापूर
२ जून १९८७

चि. अजराताई,
अनेक आशीर्वाद.

काल समितीचं काम संपलं. तुम्ही समितीपुढं बोललात तसं बोलायला छाती लागते. पण तुम्ही गेल्यावर आत काय झालं ते मी सांगितलेलं बरं.

संस्थेचे सभासद म्हणाले, "या बाई शिक्षिका म्हणून गेल्या होत्या असा निष्कर्ष आपण तिघांनी एकमतानं लिहू. मग शिक्षा म्हणजे नुसती लेखी ताकीद. अध्यक्षांचा शब्द आहे." पुरस्कारवाले सर लगेच राजी झाले. मी रात्रभर विचार केला. ताई, तुम्ही रागावू नका. शांतपणे वाचा. खाजगी शाळेच्या चौकशी समितीनं एका ग्रंथपालाला लेखी शिक्षक मानलं, असा कागद आजवर या जिल्ह्यात निघालेला नाय. तो घेऊन मी शिक्षणाधिकाऱ्यांपुढं उभा राहिलो तर ते पुरावा नाय म्हणू शकत नाहीत. जिल्ह्यातल्या समद्या ग्रंथपालांचं भलं आहे. तुम्हाला एक ताकीद, आणि जूनपासून पुन्हा कामावर. मी सही केली.

कौसल्यानं विचारलं होतं, ते अहवालात घेतलं नाय. मी घ्या म्हणालो होतो. ते म्हणाले, "परवानगी दिली असं लिहिलं तर बाई आणखी अडकतील, मग ताकिदीवर भागायचं नाही." ते मला पटलं. तुमच्या भल्यासाठीच पटलं.

शिक्षेचा ठराव पुढच्या बैठकीत आहे, तारीख कळवतो म्हणालेत. काळजी नको.

तुमचा भाऊ,
आप्पासाहेब

•

छावणी
२९ जून १९८७

आप्पासाहेब यांस,

पुढची बैठक झाली. तुम्हाला तारीख कळवली नसेल, कारण दोघांचं बहुमत पुरतं. मला बडतर्फ केलं. ऑर्डर शिपायाच्या हातानं घरी आली. तो उंबऱ्यावर उभा राहून रडला, मला त्यालाच पाणी द्यावं लागलं.

ऑर्डरवर माझ्या नावापुढं 'सहशिक्षिका' लिहिलं आहे. तुम्हाला नक्कल हवी होती. सोबत पाठवते.

अजरा

•

गंगापूर
६ जुलै १९८७

चि. अजराताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी शाळेत होतो. तसाच उठून एसटीनं औरंगाबादला आलो. तुमच्या दारापर्यंत आलो होतो. अम्मींनी दार उघडलं, म्हणाल्या, "वो सोई है." आतून भांड्याचा आवाज येत होता. मी परत फिरलो.

मला फसवलं. अध्यक्षांना भेटायला गेलो तर भेटले नाहीत. तात्यासाहेब भेटले. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "आप्पासाहेब, शब्द तोंडी होता. तुम्ही तर सगळ्यांना लेखी घ्या म्हणून सांगता." मी चहा तसाच ठेवून उठलो. एवढंच करता आलं.

उत्तर नका देऊ वाटल्यास. पण ट्रिब्यूनलात अपील करू. वकील मी बघतो.

आप्पासाहेब

•

गंगापूर
११ नोव्हेंबर १९८७

चि. अजराताई,

चार पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाय. तुम्ही वाळूजला कंपनीत लागल्याचं आमच्या गावच्या फकिरानं सांगितलं. तो तिथंच लोडिंगला आहे, त्यानं तुम्हाला बसमधून उतरताना बघितलं. म्हणाला, "सर, त्या तुमच्या कोर्सच्या वर्गातल्या बाई खोक्यात नट-बोल्ट भरत्यात." मला जेवण गेलं नाय.

दोन गोष्टी कळवायच्या. अहवाल घेऊन मी शिक्षणाधिकाऱ्यांकडं गेलो होतो. त्यांनी पूर्ण वाचला. म्हणाले, "यावरून एवढंच सिद्ध होतं की ग्रंथपालाकडं मुलं दिली की काय होतं. मी तुमच्या मागणीवर नकार लिहायला हाच अहवाल जोडतो." आणि जोडला. गेल्या आठवड्यात जिल्ह्यातल्या साऱ्या शाळांना पत्र गेलं, ग्रंथपालांना वर्ग देऊ नयेत, सहलीला पाठवू नये. संघटनेच्या सभेत तरण्या पोरांनी मला विचारलं, "ह्या अहवालावर सही कुणाची?" मी सेक्रेटरीपद सोडलं. सोडलं म्हणजे त्यांनी ठेवलंच नसतं.

दुसरी गोष्ट तुमच्या कामाची. वकिलांना सारे कागद दाखवले. ते म्हणतात केस हातची आहे. अपिलात एकच मुद्दा घ्यायचा. बाई क्लार्क, फलकावरही क्लार्क, मुलं सांभाळणं हे त्यांचं कामच नव्हतं, मुली त्यांच्या ताब्यात नव्हत्या, आणि मुलगी न विचारता गेली हे तर संस्थेनंच मान्य केलंय. ऑर्डर एका तारखेत उडेल, मागचा पगार मिळेल, नोकरी मिळेल.

मला ठाऊक आहे, क्लार्क म्हणा असं मीच सांगतोय. काय म्हणायचं ते म्हणा मला. पण ताई, आता क्लार्कच म्हणा. वकीलपत्र सोबत आहे, फक्त सही करा. मुदत संपत आली. जैतुनबी अम्मींचं वय बघा.

तुमचा,
आप्पासाहेब

•

छावणी
७ फेब्रुवारी १९८८

आदरणीय आप्पासाहेब भाऊ यांस,
सलाम.

वकीलपत्रावर मी सही केली नाही. मुदत गेली. तुम्ही वाट बघत असाल हे माहीत होतं, तरी कळवलं नाही. त्याबद्दल माफ करा. तुमच्यावर राग होता, खोटं कशाला बोलू. आता रोज पहाटे शिफ्टची बस पकडायची आणि दिवसभर उभं राहायचं, त्यात राग फार दिवस टिकत नाही. तुम्हीही पुष्कळ भोगलंत.

सही का केली नाही ते सांगते. अम्मीनं तर त्यावरून माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. वकिलाच्या मसुद्यात लिहिलं होतं, 'सदर मुलगी माझ्या ताब्यात नव्हती व ती मला न विचारता गेली.' हे मला कोर्टात शपथेवर म्हणावं लागलं असतं. क्लार्क म्हणायला मी तयार झाले होते, भाऊ. पोटासाठी माणूस काहीही म्हणवून घेतं. इथं कंपनीत मी 'हेल्पर' आहे, कुणी हाक मारली की ओ देते. पण ती माझ्या ताब्यात नव्हती असं तोंडातून येईना. आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलं.

काकासाहेब सर आता उपमुख्याध्यापक आहेत. लायब्ररीला कुलूप आहे. आत बाकं आणि सतरंज्या ठेवल्यात म्हणे. हे मला आठवीतल्याच एका पोरीनं बाजारात सांगितलं. तिनं लगेच पुढं विचारलं, "मॅडम, घाटावरची ती गोष्ट तिथंच राहिली ना?" मी भाजी न घेताच घरी आले.

बाजारातल्या त्या दिवसानंतर मला वाटायला लागलं की सरूबाईंकडं गेलं पाहिजे. वर्ष झालं, एकाच छावणीत राहतो, आणि मी त्यांचा रस्ता टाळून जात होते. परवा कंपनीला सुट्टी होती. सकाळी गेले. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. मला ओळखलं. बसा म्हणाल्या नाहीत, मी खालीच बसले.

त्या निवडत राहिल्या. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "तुम्ही टीचर नव्हत्या म्हणं."

"नव्हते."

"मंग कोण व्हता?"

"पुस्तकं देत होते पोरांना. लायब्ररीत."

"मला काय कळत नाय त्यातलं," त्या म्हणाल्या. "शाळेत गेले तर म्हणत्यात त्या बाईला विचारा. पोलिसात गेले तर म्हणत्यात शाळेला विचारा. तुम्ही काय का असाना. पोर तुमच्या हाताला व्हती."

"होय," मी म्हटलं. "माझ्याच हाताला होती."

त्यांनी मान वर केली. मला वाटतं, वर्षभरात एवढं सरळ त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मग त्या आत बघून हळू आवाजात म्हणाल्या, "हेडमास्तर घरी आले व्हते. म्हणले, तुमची मुलगी न इचारता पळाली, कुणाचा विलाज नव्हता. तवापासून तिच्या बापानं तिचा फोटू भितीला लावू दिला नाय. म्हणतो, आगाऊपणानं मेली, तिचं नाव काढू नका. वर्षसराद्ध बी घातलं नाय. मी पण, बाई, भांडी घासताना तिलाच शिव्या देते. का गेलीस गं, सांगून तरी जायचं व्हतं."

भाऊ, तुम्ही तिघांनी अहवालात जे वाक्य गाळलं ते मी तिथं, त्या दारात सांगितलं. म्हटलं, "सरूबाई, ती न विचारता नाही गेली. तिनं मला विचारलं होतं. मी जा म्हणाले."

मला वाटलं त्या अंगावर येतील. मी त्याच तयारीनं गेले होते. त्या हलल्या नाहीत.

"काय म्हणली?"

"म्हणाली, मॅडम, समद्यांच्या ताटल्या मी धुऊन आणू का?"

"समद्यांच्या?"

"हो."

"घरी एका ताटलीला हात लावत नव्हती," त्या म्हणाल्या. आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. शेजारच्या बाया बाहेर आल्या. मी उठले तर त्यांनी माझा हात धरला, घट्ट, दुखेल इतका. वाटलं, आता सोडतील, मग सोडतील. पुष्कळ वेळानं डोळे पुसून म्हणाल्या, "मला सांगून भागायचं नाय. तिचा बाप ऐतवारी घरी असतो. तवा या. त्याच्या म्होरं सांगा. असंच सांगा, जा म्हणल्याचं बी सांगा."

त्यांचा नवरा तापट आहे, गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. अम्मी काल पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "मत जा, वो मार डालेगा." मी तिला समजावलं नाही. समजावण्यासारखं काही नव्हतं.

आज रविवार आहे. हे पत्र वाटेत पेटीत टाकते आणि तशीच पुढं जाते.

तुमची बहीण,
अजरा